रजिस्टरमधलं 'संपेपर्यंत'

आमच्या सर्व्हर रूमच्या दाराबाहेर खिळ्याला सुतळीने बांधलेलं एक लाँगबुक असायचं. लाल कापडी पाठीचं, जाडजूड. रकाने मीच पट्टीने आखले होते: नाव, मशीन नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. ज्याला कॉम्प्युटरवर मोठं गणित लावायचंय त्याने आधी त्यात नोंद करायची आणि मग जागेवर जाऊन काम सुरू करायचं. शेवटच्या रकान्यात बहुतेक जण एकच शब्द लिहायचे: 'संपेपर्यंत'.

ते रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे. नव्या माणसाला क्लस्टरचं लॉगिन देताना मी आधी ते त्याच्यासमोर उघडते.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हरचा विभाग सांभाळते. ट्रान्स हार्बरने रबाळे, तिथून शेअर रिक्षा, असा चौदा वर्षांचा रस्ता. आमची कंपनी रसायनांच्या कारखान्यांसाठी रिॲक्टर डिझाइन करते. पोलादाचं भांडं बनवायला टाकण्याआधी आतला ॲजिटेटर, म्हणजे ढवळणारा पंखा, फिरला की द्रव कसा वाहील, कुठे नुसताच साचून राहील, कुठे जास्त तापेल, हे आमचे इंजिनिअर कॉम्प्युटरवर गणित मांडून बघतात. एखादं गणित चार तासांत उरकतं, एखादं आठवडा खातं. त्यासाठी 24 सर्व्हर वेगवान नेटवर्कने एकमेकांना जोडलेले आहेत. या सगळ्याला मिळून क्लस्टर म्हणायचं आणि त्यातल्या एकेका सर्व्हरला नोड. प्रत्येक नोडमध्ये 40 कोअर, म्हणजे एकाच वेळी आकडेमोड करणारे 40 भाग. वापरणारी माणसं तीसेक.

2018 च्या ऑगस्टपर्यंत हे सगळं त्या रजिस्टरवर चालायचं. त्या वेळी नुकताच लागलेला एक मुलगा सात नंबरच्या नोडवर गणित चालवत होता. नववा दिवस होता, अजून एक दिवस लागणार होता. त्याच संध्याकाळी दुसऱ्या टीममधल्या एका मुलीला रात्रभरासाठी नोड हवा होता. तिने नियमाप्रमाणे रजिस्टर उघडलं, उघड्या पानावर सात नंबर कुठेच दिसला नाही, म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि काम लावून घरी गेली. त्या मुलाची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती. ती मागच्या पानावर राहिली होती.

दोन्ही गणितं मिळून नोडची मेमरी पहाटे भरली. मेमरी पूर्ण संपली की लिनक्स, म्हणजे नोडची ऑपरेटिंग सिस्टिम, एखादी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मारून जागा करतं आणि साधारणपणे ज्याने सगळ्यात जास्त मेमरी धरलीय त्याच्यावर घाव पडतो. नऊ दिवस चाललेल्या गणिताने सगळ्यात जास्त धरली होती. सकाळी मी लॉग उघडला तेव्हा 3 वाजून 17 मिनिटांची ओळ होती, 'आउट ऑफ मेमरी', आणि पुढे त्याच्या प्रक्रियेचा नंबर. त्याने मधले चेकपॉइंट, म्हणजे तुटलं तर तिथून पुढे चालू करता येईल अशा साठवलेल्या नोंदी, ठेवले नव्हते. ठेवायचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हात टेबलावर सपाट ठेवून तो स्क्रीनकडे बघत बसला होता. ती मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून परत परत सॉरी म्हणत होती. तिने काही चुकीचं केलं नव्हतं, त्यानेही नाही. तीस माणसांची दहा-दहा दिवसांची मेहनत मी एका सुतळीवर टांगली होती. चूक माझी होती आणि ती मी त्या दोघांना तेव्हाच सांगितली.

पुढच्या महिन्यात मी स्लर्म बसवलं.

स्लर्म हा वर्कलोड मॅनेजर किंवा शेड्युलर आहे, म्हणजे कोणाचं काम कधी आणि कुठे चालवायचं हे ठरवणारा प्रोग्राम. 2002 च्या सुमाराला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली, आणि तो मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे आमच्यासारख्या छोट्या ठिकाणीही फुकट वापरता येतो. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेतल्या 'परम ब्रह्म' महासंगणकावरही तोच आहे. त्याच्याआधीचा पीबीएस नावाचा शेड्युलर नासाच्या एम्स केंद्रात 1991 मध्ये सुरू झाला, तोही अजून जोरात चालतो. नावं वेगळी असली तरी मूळ काम एकच. आता कुणीही थेट नोडवर जाऊन काम सुरू करत नाही. एका छोट्या फाइलमध्ये लिहायचं की मला इतके नोड, इतकी मेमरी, इतका वेळ हवा, आणि खाली चालवायची आज्ञा. ती फाइल 'एसबॅच' या आज्ञेने सोपवली की ती रांगेत लागते. जागा कुठे आहे, कोणाची पाळी आधी, हे शेड्युलर बघतो आणि वेळ आली की काम स्वतः सुरू करतो. रात्री दोनला जागा झाली तर रात्री दोनला. दिलेल्या मेमरीभोवती तो कुंपण घालतो. कोणी सांगितल्यापेक्षा जास्त मेमरी खाल्ली तर त्याचंच काम बंद पडतं, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. आमची ऑगस्टची रात्र एवढ्या एका गोष्टीने टळली असती.

पहिल्या महिन्यात माझ्याकडे आलेली प्रत्येक तक्रार एकाच प्रकारची होती. "मॅडम, सहा नोड रिकामे दिसतायत, मग माझं काम पीडीमध्ये का?" पीडी म्हणजे पेंडिंग. तक्रार रास्त होती. डोळ्यांसमोर मशीन रिकामं आणि आपण रांगेत, हे कोणालाही अन्यायाचंच वाटणार. तेव्हा मी व्हाइटबोर्डवर आमच्या सोसायटीचा हॉल काढला.

आमचा हॉल दोन भागांचा आहे, मधलं सरकतं दार उघडलं की एक होतो. समजा एका घरचा साखरपुडा आहे आणि त्यांना दोन्ही भाग हवेत. एका भागात सत्यनारायणाची पूजा चालू आहे, ती सहाला आटोपणार. दुसरा भाग दुपारी तीनलाच रिकामा आहे. साखरपुडा काही अर्ध्या हॉलमध्ये सुरू करता येत नाही, त्यामुळे ती मंडळी सहापर्यंत थांबणार. आता तीनच्या सुमाराला भिशीच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला दोन तास द्या, पाचला उठतो," तर सेक्रेटरी लगेच किल्ली काढून देतील. साखरपुड्याचं काही बिघडत नाही आणि हॉलही वाया जात नाही. पण दुसरं कोणी आलं आणि म्हणालं, "आमचा कार्यक्रम संपेपर्यंत हवा," तर हॉल डोळ्यांसमोर रिकामा असूनही किल्ली मिळणार नाही. द्यायची कशी? सहाला ते उठलेच नाहीत तर?

शेड्युलर नेमकं हेच करतो. याला बॅकफिल म्हणतात. ही पद्धत 1995 च्या आसपास अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी मशीनवर घडली आणि आज स्लर्ममध्ये ती मुळातच चालू असते. सोळा नोड मागणारं मोठं काम रांगेत पुढे असेल तर त्याच्यासाठी जागा गोळा होत राहते. त्या गोळा होणाऱ्या जागेत, मोठं काम सुरू व्हायच्या आत संपतील अशी छोटी कामं बसवली जातात. बॅकफिल नसेल तर दोनच वाटा उरतात: एक तर नोड तासन् तास रिकामे ठेवायचे, नाही तर छोटी कामं सतत पुढे घुसत राहणार आणि मोठ्या कामाचा नंबर कधीच लागणार नाही.

आणि हे सगळं एका आकड्यावर उभं आहे: तुम्ही सांगितलेल्या वेळेवर.

आमच्याकडे जास्तीत जास्त मर्यादा सात दिवसांची होती, तर सगळे सात दिवस लिहायला लागले. 'संपेपर्यंत' रजिस्टरमधून उठून फाइलमध्ये येऊन बसला. भीती मला समजत होती. वेळ संपली की स्लर्म आधी काम आवरायचा इशारा देतो आणि तीस सेकंदांनी सरळ तोडून टाकतो. पाच तासांचं गणित शेवटच्या दहा मिनिटांत तुटलं तर कोणाला आवडेल? पण सगळ्यांनीच सात दिवस लिहिल्यावर शेड्युलरच्या लेखी कोणतंच काम छोटं उरलं नाही, आणि बॅकफिलला बसवायला काही मिळेना. मी झालेल्या कामांची नोंद काढली. स्लर्म प्रत्येक कामाचा मागितलेला वेळ आणि लागलेला वेळ जपून ठेवतं. एका अनुभवी इंजिनिअरने सात दिवस मागून साडेपाच तास वापरले होते, एकदा नाही, सलग अकरा वेळा. मी हे मेल करून सगळ्यांना दाखवलं नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसले आणि दोघांनी मिळून पुढच्या कामाला आठ तास लिहिले. दुपारी तीनला लावलेलं काम चहाच्या आत सुरू झालं. नाही तर त्यांना दोन-दोन दिवस थांबायची सवय झाली होती. त्यानंतर त्यांनीच त्यांच्या टीममध्ये हे पसरवलं, माझ्या दहा मेलना जमलं नसतं इतक्या पटकन.

आता मी सगळ्यांना एकच सांगते. आधी छोटं जाळं (गणितासाठी भांड्याचे पाडलेले कमी तुकडे) घेऊन एक चाचणी चालवा, तिच्यावरून वेळ काढा, त्यात तिसरा हिस्सा जास्तीचा धरा, आणि चेकपॉइंट लिहिल्याशिवाय रात्रभराचं काम लावू नका.

पाळीचा प्रश्न जास्त नाजूक होता. रजिस्टरच्या काळात अडचण आली की लोक माझ्याकडे यायचे. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचं पद मोठं त्याचं काम आधी लागायचं. हे मी लपवणार नाही, मी तसं करत होते. ट्रेनी पोरं तोंड उघडायची नाहीत, त्यांची कामं शनिवार-रविवारवर जायची. स्लर्ममध्ये फेअरशेअर म्हणून हिशोब असतो. ज्या टीमने अलीकडे क्लस्टर जास्त वापरलं तिचा क्रमांक थोडा खाली जातो, जिने कमी वापरलं तिचा वर येतो. जुना वापर हळूहळू विसरला जातो. आमच्याकडे सात दिवसांनी तो अर्धा धरला जातो, चौदा दिवसांनी पाव. त्यात किती वेळ रांगेत थांबलात तेही मिळवलं जातं, म्हणजे कोणीही कायमचं मागे राहत नाही.

एका विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "क्लायंट गुजरातहून येतोय, आमच्या टीमची कामं आठवडाभर सगळ्यात वर लाव." त्यांची गरज खरी होती. मी म्हटलं, "सर, तातडीची रांग करूया. तिच्यात एका वेळी एका टीमचं एकच काम, चार नोडपर्यंत. ते पुढे जाईल, पण त्याचा वापर हिशोबात तिप्पट धरला जाईल. म्हणजे पुढच्या आठवड्यात तुमची टीम थोडी मागे असेल." ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "तिप्पट सगळ्यांना? एमडींच्या कामालाही?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि तो नियम त्यांच्याच सहीने बाहेर आला. मला त्या सहीचं मोल फार वाटतं. नियम सगळ्यांना आधी वाचता येत असेल तर थांबणाऱ्याला थांबणं तितकं डाचत नाही. हे मी तीस माणसांच्या चेहऱ्यांवर बघितलंय.

लायसन्सचं सांगायला हवं, कारण तिथे लोक फसतात. प्रवाहाची गणितं करणारं आमचं विकतचं सॉफ्टवेअर एका वेळी चारच जागी चालेल एवढी लायसन्स आमच्याकडे आहेत. नोड मोकळे असायचे, काम सुरू व्हायचं, लायसन्स मिळायचं नाही आणि पहिल्याच मिनिटाला मरायचं. माणूस सकाळी येऊन बघणार तर हाती शून्य. मग लायसन्स हीसुद्धा मोजायची वस्तू आहे असं स्लर्मला सांगितलं, संख्या चार. आता पाचवं काम नोड असले तरी रांगेतच थांबतं.

आणखी एक फायदा मला आधी सुचला नव्हता. दरवर्षी बजेटच्या वेळी सगळे म्हणायचे, नोड कमी पडतात, नवीन घ्या. 2020 मध्ये मी वर्षभराच्या नोंदी काढल्या. कोअर बराच वेळ मोकळे होते आणि मेमरी मात्र भरलेली होती. चाळीसपैकी बारा कोअर घेऊन एक काम अख्ख्या नोडची मेमरी धरून बसायचं, उरलेले अठ्ठावीस कोअर नुसतेच गरम होत राहायचे. आम्ही नवे नोड घेतले नाहीत, निम्म्या नोडची मेमरी दुप्पट केली. खर्च कितीतरी कमी झाला आणि रांग आखडली. कॉम्प्युटरवर पैसे खर्च करणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीने आधी हा हिशोब बघावा असं मला मनापासून वाटतं.

अर्थात शेड्युलर गणित वेगाने सोडवत नाही. कोणी 40 कोअर मागितले आणि प्रोग्राम एकाच कोअरवर चालणारा लिहिलेला असेल तर एकोणचाळीस कोअर शांतपणे वाया जातात. ते बघायला माणूसच लागतो.

माझी धाकटी बहीण ऐरोलीत एका बँकेच्या रात्रीच्या बॅचवर, म्हणजे रात्री कॉम्प्युटरवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीवर, काम करते. तिच्याकडेही शेड्युलर आहे, पण त्याचा पिंड वेगळा. तिच्या कंट्रोल-एम नावाच्या शेड्युलरला जागा वाटायची चिंता कमी, क्रमाची जास्त. दिवसाचे व्यवहार बंद झाल्याशिवाय व्याज लावायचं नाही, व्याज लागल्याशिवाय स्टेटमेंट काढायचं नाही, अमुक फाइल आली नाही तर पुढचं सगळं थांबवायचं, महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर वेगळं कॅलेंडर. आणि सगळं शाखा उघडायच्या आत. तिचा फोन रात्री अडीचला वाजतो तेव्हा शेकडो कामांच्या साखळीतली एक कडी तुटलेली असते. आम्ही दोघी रविवारी आईकडे भेटलो की यावरच बोलत बसतो, आईला वाटतं आम्ही भांडतोय. हवामानाच्या अंदाजात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 'अर्क' महासंगणकाची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स आहे, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून जास्त आकडेमोडी. पण उद्याच्या पावसाचं गणित परवा संपून काय उपयोग? तिथे रोजचा अंदाज वेळेत निघायलाच हवा आणि उरलेल्या वेळात संशोधकांची कामंही बसायला हवीत.

माझे कॉलेजचे सर सांगायचे, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा कॉम्प्युटर आला, त्यानंतरच्या काळात ते पंचकार्डांचा गठ्ठा रबराने बांधून तिथे द्यायचे. कोणाचा गठ्ठा कधी लावायचा हे ऑपरेटरच्या हातात. आयबीएमच्या सिस्टिम 360 या त्या काळच्या कॉम्प्युटरवर तर गठ्ठ्याच्या वरच्या कार्डांवरच वेळ आणि मेमरी लिहायची सोय होती. म्हणजे मी 2018 मध्ये पट्टीने आखत होते ते रकाने कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच छापून ठेवले होते.

गेल्या महिन्यात एसी दुरुस्तीसाठी शनिवारी सकाळी आठला पूर्ण क्लस्टर बंद ठेवायचं होतं. पूर्वी मी आठवडाभर एकेकाच्या जागेवर जाऊन विनवण्या करायचे. आता आठ दिवस आधी शनिवार राखून ठेवला. त्या वेळेच्या पलीकडे जाणारी कामं आपोआप थांबली, आत संपणारी चालत राहिली. शुक्रवारी रात्री साडेअकराला शेवटचं काम संपलं. सकाळी आठला एसीवाले आले तेव्हा एकही गणित तोडावं लागलं नाही.

आणि परवाचा मंगळवार. सात नंबरच्या नोडवर नऊ दिवस घालवलेला तो मुलगा आता एका टीमचा प्रमुख आहे. त्याला एका मोठ्या रिॲक्टरसाठी सोळा नोड हवे होते. काम रविवारपासून पीडीमध्ये होतं, स्लर्मचा अंदाज गुरुवारी पहाटेचा. मंगळवारी लोकांची कामं लिहिल्यापेक्षा लवकर आटोपत गेली आणि अंदाज दर थोड्या वेळाने अलीकडे सरकत होता. मी निघताना त्याला म्हटलं, "घरी जा, तो लावेल." ठाणे स्टेशनला उतरून पुलावर चढत होते तेव्हा त्याचा मेसेज आला.

"ताई, लागलं. सोळाच्या सोळा."

मी जिन्यावर बाजूला उभी राहून विचारलं, "वेळ किती लिहिलास?"

"तीस तास. चाचणीत बावीस आले होते. दर दोन तासांनी चेकपॉइंट आहे."